सरकार कुणाचेही असो, हिशेब आपण ठेवला पाहिजे

शाखेची सभा संपली की दुसरी सभा भरते ती स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर. पहिल्या सभेत ठराव होतात, दुसऱ्या सभेत भांडणे होतात आणि खरे सांगायचे तर माणसे मनातले बोलतात ती दुसऱ्याच सभेत. भुसावळ असो, दौंड असो, की नोकरीनिमित्त मराठी माणूस जाऊन राहिलेले इटारसी, सिकंदराबाद किंवा सुरत असो, हे दृश्य सगळीकडे सारखेच आहे.

अशाच एका टपरीवर मध्यंतरी दोघांची जुंपली. एक आरएमएसमधले सॉर्टर, निवृत्तीला टेकलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दुसरा ट्रॅकमन, २०११ च्या भरतीतला. विषय अर्थातच पेन्शनचा.

‘‘अण्णा, तुमच्या पक्षाने २०१३ ला कायदा पास केला, म्हणून आमची पेन्शन गेली.’’

‘‘अरे, पण ती योजना आणली कोणी? २००३ च्या डिसेंबरात सरकार कुणाचं होतं?’’

‘‘मग पुढची दहा वर्षं तुमचं राज्य होतं. रद्द का नाही केली?’’

‘‘आणि २०१४ नंतर तुमचं आलं. तुम्ही का नाही केली?’’

चहा निवला तरी दोघे थांबेनात. आजूबाजूचे आपापल्या पक्षाप्रमाणे माना डोलावत होते. शेवटी ट्रॅकमन म्हणाला, ‘‘ते राहू द्या अण्णा. मी २०४५ ला रिटायर होईन, तेव्हा मला महिन्याला किती मिळतील तेवढं सांगा.’’

अण्णा गप्प झाले. टपरीवरचे सगळेच गप्प झाले. कारण या एका प्रश्नाचे उत्तर कुणाच्याच पक्षाकडे नव्हते.

मित्रहो, या भांडणात खोटे कोणीच बोलत नव्हते. दोघांजवळ अर्धा-अर्धा खरा हिशेब होता. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पक्षाचा अर्धा तेवढा पाठ केला होता. हे दोन अर्धे एकत्र मांडले तर काय दिसते, ते पाहू.

पेन्शनची वही

रेल्वेत पेन्शन आली १९५७ मध्ये. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पेन्शन ही मालकाने मर्जीने दिलेली बक्षिसी नाही, तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे. या निकालानंतर एकवीस वर्षांनी, २२ डिसेंबर २००३ रोजी, वाजपेयी सरकारने अधिसूचना काढली आणि १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. सैन्यदले तेवढी वगळली. नव्या योजनेत कामगाराच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १० टक्के कापायचे, तेवढेच सरकारने घालायचे, रक्कम बाजारात गुंतवायची आणि साठेल त्यावर जे मिळेल ते घ्यायचे. किती मिळेल याची हमी नाही.

मे २००४ मध्ये सरकार बदलले. योजना बदलली नाही. मनमोहनसिंग सरकारने डिसेंबर २००४ मध्ये तिच्यासाठी अध्यादेश काढला, पुढे विधेयक आणले. हे सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभे होते, त्यामुळे विधेयक अडकले. पण कपात अडकली नाही. ती दरमहा चालूच राहिली. सप्टेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांत कायदा मंजूर झाला. तेव्हा सत्तेवरच्या काँग्रेसने तो मांडला आणि विरोधातल्या भाजपने पाठिंबा दिला. महागाईवर, भ्रष्टाचारावर संसद बंद पाडणारे हे दोन पक्ष आपल्या पेन्शनवर एकत्र बसले, ही गोष्ट टपरीवरच्या दोघांनाही सोयीची नव्हती.

महाराष्ट्रात नवी योजना १ नोव्हेंबर २००५ पासून लागू झाली ती काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या आघाडी सरकारच्या काळात. केरळात ती २०१३ मध्ये काँग्रेसच्या आघाडीने आणली. २०१६ मध्ये डावी आघाडी आली, पण २०२१ पर्यंतच्या पूर्ण मुदतीत तिनेही ती मागे घेतली नाही. कामगारांचे म्हणवणाऱ्या पक्षांनाही हा प्रश्न विचारला पाहिजे, मग तो आपला जवळचा पक्ष का असेना.

आणखी एक गोष्ट जड मनाने लिहावी लागते. मे १९७४ च्या रेल्वे संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस २००३ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री होते. त्यांच्या खात्यातली सैन्यदले नव्या योजनेतून सुटली, पण ज्यांच्या जोरावर ते देशाचे नेते झाले त्या रेल्वे कामगारांच्या पुढच्या पिढीची पेन्शन त्याच मंत्रिमंडळाच्या काळात गेली. त्यांचे १९७४ चे ऋण यामुळे फिटत नाही. पण आपला माणूस सत्तेत बसला म्हणजे आपले काम झाले, असे मानून घरी बसणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा.

मग सगळे पक्ष सारखेच का?

एवढे वाचून कोणी म्हणेल, ‘‘जाऊ द्या, सगळे एकाच माळेचे मणी.’’ हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण त्याने सर्वांत जास्त फायदा सत्ताधाऱ्यांचाच होतो. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही त्याला जाब कोण विचारणार?

आणि ते खरेही नाही. १९७४ चा संप चिरडून हजारो कामगारांना तुरुंगात टाकले, नोकरीवरून काढले. १९७७ मध्ये सरकार बदलले, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्या कामगारांना कामावर परत घेण्यात आले. १९७५ मध्ये आणीबाणीत किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला होता, तो १९७७ मध्ये पूर्ववत झाला. ज्यांच्या घरची चूल तीन वर्षांनी पुन्हा पेटली त्यांना ‘सगळे पक्ष सारखेच’ असे सांगून पाहा.

मात्र सरकारमधल्या या फरकाला जोर येतो तो संघटनेमुळे. पाचव्या वेतन आयोगाने वेतननिश्चितीत २० टक्के वाढ सुचवली होती. सप्टेंबर १९९७ मध्ये संपाची तयारी झाली, वाटाघाटी झाल्या आणि गुजराल सरकारने ती ४० टक्के केली. सरकार आघाडीचे, दुबळे होते हे खरे. पण दुबळ्या सरकारकडूनही मागणाऱ्यालाच मिळते.

अलीकडचेच पाहा. २०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुनी पेन्शन परत आणण्याचे निर्णय घेतले. हिमाचलच्या निवडणुकीत तर तोच मोठा मुद्दा होता. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी १४ ते २० तारखेपर्यंत संप केला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सोमनाथन समिती नेमली आणि २४ ऑगस्ट २०२४ रोजी ‘एकीकृत पेन्शन योजना’ जाहीर झाली. १ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. पंचवीस वर्षे नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के, आणि किमान दहा वर्षे झाली तर निदान १०,००० रुपये, अशी तिची हमी आहे. ही जुनी पेन्शन नव्हे. कामगाराची १० टक्के कपात तशीच आहे. पण वीस वर्षे ‘हमी देणे अशक्य’ म्हणणाऱ्या सरकारच्या तोंडून ‘हमी’ हा शब्द निघाला. तो आपोआप निघाला असे ज्यांना वाटते त्यांनी वरच्या तारखा पुन्हा एकदा क्रमाने वाचाव्यात.

‘पैसा आणायचा कोठून?’

हा प्रश्न टाळून चालणार नाही. तो फक्त अर्थमंत्री विचारत नाहीत, आपला गावाकडचा भाऊही विचारतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ च्या राज्यांच्या अर्थस्थितीवरील अहवालात जुन्या पेन्शनकडे परतणे हा राज्यांच्या तिजोरीला मोठा धोका असल्याचे म्हटले. पेन्शनचा बोजा पुढच्या पिढीवर पडतो, हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. आपण ते ऐकून घेतले पाहिजे.

पण तिजोरीचे बोलायचे तर सगळ्या तिजोरीचे बोलू. २० सप्टेंबर २०१९ रोजी सरकारने कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, हा खुद्द सरकारचाच अंदाज. सात महिन्यांनी, एप्रिल २०२० मध्ये, महासाथीचे कारण देऊन केंद्रीय कर्मचारी आणि पेन्शनरांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. अठरा महिन्यांच्या त्या गोठवणुकीतून सरकारचे ३४,४०२ कोटी वाचले, हाही सरकारचाच आकडा. त्या काळात ट्रॅकमन रुळावर होता, मालगाड्या धावत होत्या, पोस्टमन घरोघरी औषधे आणि पैसे पोचवत होता. हप्ते जुलै २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. अठरा महिन्यांची थकबाकी मात्र देणे शक्य नाही, असे सरकारने संसदेत सांगितले.

महासाथ कोणी मुद्दाम आणली नव्हती. १९९० च्या ऑगस्टमध्ये कुवेतवर हल्ला झाला आणि तेल भडकले, तेही आपल्या कुठल्या सरकारचे पाप नव्हते. पण १९९१ मध्ये देशाचे सोने बाहेर न्यावे लागले, मे महिन्यात चंद्रशेखर सरकारच्या काळात २० टन आणि जुलैत नरसिंहराव सरकारच्या काळात जवळपास ४७ टन, त्यामागे आधीच्या दहा वर्षांची उधळी तूट होती. ती तूट करणारे वेगळे, सोने नेणारे वेगळे, आणि रुपयाच्या अवमूल्यनानंतर बाजारात जास्त पैसे मोजणारे आपण. संकट बाहेरून येऊ शकते. त्याचा भार कोणाच्या पाठीवर टाकायचा, हे मात्र दरवेळी सरकारच ठरवते. पीक चांगले आले की ‘आमचे धोरण’ आणि महागाई वाढली की ‘जागतिक परिस्थिती’, हा दुहेरी हिशेब कुठल्याही रंगाच्या सरकारला करू देता कामा नये.

गावाकडच्या भावाला उत्तर याहून वेगळे आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा २००७ मध्ये महिन्याला २०० रुपये होता आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ तेवढाच राहिला. शेतमजूर म्हातारीला २०० रुपये देणारे सरकार आपल्याला सांगते, तुमच्यामुळे गरिबाला काही उरत नाही. आपण त्या म्हातारीच्या पेन्शनसाठी कधी ठराव केला का? केला नसेल तर गावाकडचा भाऊ आपल्या बाजूने का उभा राहील?

न बोललेला तिसरा

टपरीवर आणखी एक जण होता. ग्रामीण डाक सेवक. तो पूर्ण वेळ काहीच बोलला नाही. ज्याला जुनीही पेन्शन नाही आणि नवी केंद्रीय पेन्शनही नाही, त्याने या वादात बोलायचे तरी काय? पूर्वी त्याला ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत; नाव बदलले, खात्याबाहेरचेपण गेले नाही. अडीच लाखांच्या आसपास असलेले हे लोक खेड्यातले टपाल चालवतात. आतापर्यंत प्रत्येक पक्षाच्या राजवटीत ते ‘पूर्ण सरकारी कर्मचारी नाहीत’ हेच ठरले. मे २०१८ मध्ये त्यांनी संप केला, तेव्हा कुठे ६ जूनला मंत्रिमंडळाने त्यांची वेतनवाढ मंजूर केली. आपल्या वादात तो गप्प बसतो, हा त्याचा नव्हे, आपला दोष आहे.

भांडा, पण वही घेऊन भांडा

टपरीवरचे भांडण बंद करा असे आमचे म्हणणे नाही. उलट ते वाढावे. कामगाराने राजकारण बोलू नये, हे सांगणाऱ्याचे राजकारण आधी तपासावे. प्रत्येकाने आपला पक्ष ठेवावा, मतही हवे त्याला द्यावे. फक्त वाद घालताना चार प्रश्न सोबत ठेवावेत. निर्णय कोणी आणला? सभागृहात कोणी पाठिंबा दिला? रद्द करण्याची संधी असून कोणी केला नाही? आणि त्याचे पैसे अखेर कोणाच्या खिशातून गेले? हे प्रश्न आपल्या आवडत्या पक्षाला आधी विचारावेत, मग दुसऱ्याच्या.

प्रत्येक शाखेने एक साधी वही घालावी. पेन्शन, महागाई भत्ता, रिकाम्या जागा, कंत्राटी कामे, कामगार संहिता अशा एकेका विषयाला चार पाने. तारीख, निर्णय, सरकार, मत. निवडणुकीत उमेदवार दारात आला की ती वही त्याच्यासमोर उघडावी. भाषण ऐकायच्या आधी त्याच्या पक्षाचे पान वाचून दाखवावे.

अण्णा काही महिन्यांत निवृत्त होतील. त्यांची पेन्शन जुनी आहे, पक्की आहे. त्या दिवशी टपरीवरून उठताना ते ट्रॅकमनला म्हणाले, ‘‘माझं भागलं रे. पण तुझ्या सह्यांच्या मोर्चाला मी येणार.’’ दोघांचे पक्ष अजून वेगळेच आहेत. मोर्चाला मात्र ते बरोबर चालतील, आणि संघटनेला आज त्याचीच गरज आहे.