वरच्यांचे पाणी, खालच्यांच्या घरी!

मुंबईत पावसाळ्यात दोन प्रकारचे पाणी घरात शिरते. एक आकाशातून पडलेले. ते उंबरठा ओलांडून येते आणि येताना निदान दिसते तरी. दुसरे पाणी उंबरठ्याची वाट धरीत नाही. ते मोरीच्या जाळीतून, शौचकूपाच्या भांड्यातून, अपरात्री गुडगुड आवाज करीत वर चढते. ते वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडांचे, पलीकडच्या चाळीचे आणि कोपऱ्यावर नव्याने उभ्या राहिलेल्या मनोऱ्याचे मैलापाणी असते. दादर, परळ, लालबागच्या सखल गल्ल्यांत ज्यांनी तळमजल्यावर आयुष्य काढले, त्यांना या आवाजाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ते मुकाट्याने उठतात, धान्याचे डबे माळ्यावर चढवतात, मोरीच्या तोंडावर गोणपाट आणि त्यावर पाटा ठेवतात आणि उजाडण्याची वाट पाहत बसतात.

पहिल्या पाण्याची चर्चा या शहरात पुष्कळ झाली आहे, आणि ती व्हावयास हवीच होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. ताशी पन्नास मिलिमीटर पावसाचा निचरा व्हावा अशी योजना १९९३ सालीच ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने मांडून ठेवली होती. ती कपाटातून बाहेर यायला तो प्रलय घडावा लागला. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे पर्जन्यजलाची उदंचन केंद्रे उभी राहिली. परंतु ही सारी व्यवस्था पावसाच्या पाण्याची आहे. मैलापाण्याचा संसार निराळा, त्याच्या वाहिन्या निराळ्या आणि त्याची पंपिंग स्टेशनेही निराळी. शहरात अशी पन्नासच्या आसपास ठाणी आहेत. त्यांच्या उद्‍घाटनाला कोणी फीत कापीत नाही, त्यांच्यापुढे उभे राहून कोणी छायाचित्र काढून घेत नाही. दुर्गंधी येऊ लागली की तेवढीच त्यांची आठवण होते.

या ठाण्यांचे काम काय, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे; कारण सुशिक्षित नागरिकाचे या विषयातील अज्ञान हीच प्रशासनाची मोठी सोय होऊन बसली आहे. मैलापाणी वाहिनीतून स्वतःच्या वजनाने उताराने वाहते. उतार द्यायचा म्हणजे वाहिनी पुढे पुढे खोल न्यावी लागते. आणि समुद्रात भर घालून जोडलेल्या, भरतीच्या पातळीशी बरोबरी करणाऱ्या या शहरात ती किती खोल नेणार? म्हणून ठरावीक अंतरावर एक विहीर बांधून पाणी तीत साठवतात, जाळ्यांनी चिंध्या आणि प्लॅस्टिक अडवतात आणि पंपाने ते पाणी वर उचलून पुढच्या वाहिनीत ढकलतात. हा पंप बंद पडला किंवा अपुरा पडला की विहीर भरते. विहीर भरली की वाहिनी तुंबते. आणि वाहिनी तुंबली की पाणी आपल्या धर्माप्रमाणे समपातळी शोधू लागते. त्या पातळीखाली जे पहिले तोंड उघडे सापडेल, तेथून ते बाहेर पडते. ते तोंड दहाव्या मजल्यावर कधीच नसते. ते तळमजल्यावरच्या मोरीत असते, किंवा नव्या इमारतीच्या तळघरात, जेथे आज मोटारींबरोबर पाण्याचे पंप आणि विजेची उपकरणेही ठेवलेली असतात.

आता थोडे गणित करू. वीस हजार वस्तीची एक पेठ धरा. दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी, आणि त्यातील ऐंशी टक्के पाण्याचे मैलापाणी होते, असे सरकारी नियमावली मानते. महानगरासाठी हा आकडा याहून मोठा धरतात. आपण कमीच धरला आहे. या हिशेबाने दिवसाला २१ लाख ६० हजार लिटर, म्हणजे सेकंदाला सरासरी २५ लिटर मैलापाणी त्या विहिरीत येते. पण माणसे सरासरीने अंघोळ करीत नाहीत! नळाला पाणी आले की सारी पेठ एकदम जागी होते. म्हणून एवढ्या वस्तीसाठी सरासरीच्या तिप्पट, म्हणजे सेकंदाला ७५ लिटरची तयारी ठेवावी, असा नियम आहे. समजा, पूर्वसूरींनी त्याप्रमाणे ७५ लिटरचा एक पंप बसवला आणि तेवढ्याच ताकदीचा दुसरा राखीव ठेवला. व्यवस्था चोख झाली.

पुढे त्याच पेठेत चाळी पडल्या आणि मनोरे उठले. वस्ती चाळीस हजारांवर गेली. सरासरी ५० लिटर झाली. एवढ्या वस्तीला अडीचपट धरायचे, तर ऐन वेळी १२५ लिटर. एक पंप पुरेना, म्हणून राखीव पंपही रोजच्या कामाला जुंपला गेला. वरवर पाहता काहीच बिघडले नाही. पण त्याच दिवशी राखीव असे काही उरले नाही, याची नोंद कोणी केली नाही. आता एखाद्या सकाळी एका पंपात चिंधी अडकली की सेकंदाला ५० लिटर मैलापाण्याला जायला वाट नाही. म्हणजे मिनिटाला तीन हजार लिटर, आणि अर्ध्या तासात नव्वद हजार, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर! वाहिन्यांच्या पोटात मावेल तेवढे मावते; उरलेले पाणी गरीब तळमजल्याचा पत्ता बरोबर शोधून काढते.

ही कोरड्या दिवसाची कथा झाली. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले की लोक मॅनहोलची झाकणे उघडतात. पाणी ओसरते खरे. पण ते मैलावाहिनीत उतरते आणि त्या पंपांवर नको ते ओझे घालते. उघड्या झाकणाची दुसरी किंमत या शहराने २९ ऑगस्ट २०१७ रोजी मोजली आहे. त्या दिवशी पोटविकारांचे एक नामवंत डॉक्टर भर पावसात चालत घरी जात असता मॅनहोलमध्ये पडले आणि प्राणांस मुकले. अनेक इमारतींच्या गच्चीवरचे पाणीही बेकायदा जोडण्यांतून मैलावाहिनीतच सोडलेले असते. या पापात सुशिक्षितांचा वाटा कमी नाही. खाणावळींचे तूप-तेल, पुसण्याचे न विरघळणारे कागद आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पंपाच्या पात्यांत आपोआप जाऊन बसत नाहीत. त्या आपल्याच हातांनी तेथवर पोहोचतात. महापालिकेचे हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु नागरिकांच्या चुकांमुळे महापालिकेची जबाबदारी संपत नाही. माणसे चुकतील हे गृहीत धरूनच राखीव पंप ठेवायचा असतो.

मग हे काम होत का नाही? पैसा नाही म्हणून नव्हे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. मैलापाण्याकडे कोणाचे लक्षच नाही, असेही नव्हे. वरळी, वांद्रे, कुर्ला-धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथील सात शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली; त्यांचा खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये सांगितला गेला. समुद्राला आपण जे विष पाजत आलो आहोत ते थांबावे, यासाठी हा खर्च योग्यच आहे. परंतु ही केंद्रे वाटेच्या शेवटच्या टोकाला आहेत. घसा आवळलेला असताना पोटाची शस्त्रक्रिया करून रोग्याचा श्वास मोकळा होत नाही. पेठेतली विहीर तुंबलेली असेल तर समुद्रकाठच्या भव्य केंद्राचा तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला काय उपयोग? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

खरे कारण आम्हांस दुसरेच दिसते. हा त्रास ज्यांना होतो त्यांचा आवाज वर पोहोचत नाही. आणि ज्यांचा आवाज पोहोचतो त्यांना हा त्रास होत नाही. वरच्या मजल्यावरील गृहस्थाने साखळी ओढली की त्याच्यापुरता प्रश्न संपतो. पंपिंग स्टेशनसाठी आपल्या गल्लीत जागा मागितली की मात्र हाच गृहस्थ वासाची आणि आवाजाची तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसात हजर! ठाणे हवे, पण दुसऱ्याच्या दारात. त्यातच ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ या शहरात लोकनियुक्त नगरसेवकच नव्हते. तेव्हा तळमजल्याने दाद मागावी तरी कोणाकडे?

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदी मैल्याने इतकी सडली की काठावरच्या पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. वर्षानुवर्षे कॉलऱ्याने माणसे मरत होती तेव्हा न सुचलेला कायदा ती दुर्गंधी सभागृहात शिरताच काही दिवसांत संमत झाला. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने वाहिन्या बांधल्या. सखल भागांचे पाणी आपोआप वाहणार नाही हे जाणून क्रॉसनेस (१८६५) आणि अ‍ॅबे मिल्स (१८६८) येथे प्रचंड पंप बसवले. या इतिहासातून घ्यायचा धडा बॅझलजेटच्या कर्तबगारीपुरता नाही. दुर्गंधी राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत पोहोचेतो त्यांना जाग येत नाही, हाही तो धडा आहे. मुंबईतही बेसमेंटमधल्या मोटारी मैलापाण्यात बुडू लागतील तेव्हाच या ठाण्यांची सुधारणा होणार असेल, तर ती आमच्या नागरी सभ्यतेला लाज आणणारी गोष्ट ठरेल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक मैलापाणी पंपिंग स्टेशनची क्षमता आजच्या वस्तीशी, आणि मंजूर झालेल्या पुनर्विकासातून उद्या येणाऱ्या वस्तीशी, ताडून पाहावी. सर्वांत मोठा पंप बंद आहे असे समजून उरलेल्या पंपांनी ऐन वेळचा भार उचलला पाहिजे. ही कसोटी न उतरणारे ठाणे अपुरे म्हणून जाहीर करावे. विजेची दोन स्वतंत्र जोडणी आणि एक जनित्र असावे, आणि ही उपकरणे पुराच्या पातळीच्या वर असावीत. पाण्याशी लढणारे यंत्र पहिल्याच पाण्यात बुडाले तर त्याचा उपयोग काय? केवळ पंप बदलूनही भागणार नाही. पंपापुढची वाहिनी जुनी आणि अरुंद राहिली तर पंप दुप्पट केले म्हणून पाणी दुप्पट जात नाही. आणि पुढचे ठाणे तसेच ठेवले तर लालबागचे संकट फक्त पुढच्या पेठेत ढकलले जाईल. म्हणून हे काम साखळीने व्हावे. मलवाहिनी आणि पंप भार पेलतील असा दाखला मिळेपर्यंत कोणत्याही नव्या मनोऱ्याला वापर-परवाना देऊ नये. ज्या तळमजल्यांना आज धोका आहे तेथे पाणी उलटे येऊ न देणारी झडप महापालिकेने स्वखर्चाने बसवावी. पागडीच्या चाळीचा मालक ती बसवील ही आशा व्यर्थ आहे. मात्र ही झडप मलमपट्टी आहे, उपचार नव्हे. ती मिटलेली असताना त्या घराचे स्वतःचे पाणीही बाहेर जात नाही. आणि कोणत्या ठाण्यात कोणता पंप किती तास बंद होता, याची नोंद दर आठवड्याला वॉर्ड ऑफिसाच्या फलकावर लागावी. जी यंत्रे आपल्या पैशाने चालतात त्यांची नाडी पाहण्याचा अधिकार नागरिकाला नसावा काय?

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. ठाणे तुंबले की शेवटी त्या विहिरीत कोणाला तरी उतरवले जाते. विषारी वायूने भरलेल्या गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली. तरीही देशात असे मृत्यू थांबलेले नाहीत. पुरेसे पंप, यांत्रिक जाळ्या आणि नियमित सफाई असेल तर कोणालाही त्या अंधारात उतरावे लागणार नाही. तळमजल्यावरच्या गृहिणीची झोप आणि सफाई कामगाराचे प्राण, दोन्ही एकाच पंपाच्या दांड्यावर लटकलेले आहेत.

शहर म्हणजे एकमेकांच्या डोक्यावर राहण्याची कला. जो वर राहतो त्याला उजेड, वारा आणि समुद्राचे दर्शन मिळते. त्याबद्दल कोणाची असूया नाही. पण त्याने खाली सोडलेले पाणी खालच्याच्या घरात उमलणार नाही, एवढी हमी त्याला या शहराने द्यायला लावली पाहिजे. ती हमी भाषणांनी मिळत नाही. ती कोपऱ्यावरच्या त्या उपेक्षित इमारतीत, राखीव पंपाच्या रूपाने मिळते. पुढच्या पावसाळ्याआधी आयुक्तांनी एकदा त्या इमारतीत जावे आणि एकच प्रश्न विचारावा: ‘हा पंप बंद पडला तर दुसरा कोठे आहे?’ या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर त्या रात्री जागणाऱ्या प्रत्येक तळमजल्याला जाब देण्याची तयारी त्यांनी ठेवावी!