‘निःपक्षपाती’वर भागत नाही

लॉर्ड कॉटनहॅम हे इंग्लंडचे लॉर्ड चान्सलर. ग्रँड जंक्शन कॅनॉल कंपनी आणि डाइम्स नावाचे जमीनमालक यांच्या वादात त्यांनी कंपनीच्या बाजूचा हुकूम कायम केला. मागाहून कळले, की त्याच कंपनीचे काही हजार पौंडांचे शेअर त्यांच्या नावावर आहेत. १८५२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचा हुकूम रद्द ठरवला. या शेअरपायी कॉटनहॅम यांचा तोल तसूभरही ढळला असेल, असे कोणालाच वाटत नाही, हेही लॉर्ड कॅम्बेल यांनी त्याच निकालात नोंदवून ठेवले. (गुणदोषांवर डाइम्स तरीही हरलेच!)

म्हणजे कॉटनहॅम ‘इम्पार्शल’ होते, ‘डिसइंटरेस्टेड’ नव्हते. न्यायालयीन अनुवादकाने दोन्हींसाठी ‘निःपक्षपाती’ लिहिले, की या निकालाचा अर्थच लागत नाही.

‘डिसइंटरेस्टेड’ माणसाच्या मनाविषयी काही सांगत नाही. त्याचे या प्रकरणात काही अडकले आहे का, शेअर, वारसा, बढती, एवढेच तो शब्द पाहतो. रामशास्त्री प्रभुण्यांमुळे ‘निःस्पृह’ चटकन लेखणीवर येतो, पण ती स्वभावाची थोरवी झाली. एरवी हावरट असलेला माणूसही एखाद्या खटल्यापुरता ‘डिसइंटरेस्टेड’ असू शकतो. तेव्हा ‘हितसंबंध नसलेला’ हे लांबलचक रूपच बरे. असा हितसंबंध कसा नडतो, पाहा: १९६९च्या क्रैपक खटल्यात जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळावर होते आणि स्वतः उमेदवारही. स्वतःच्या नावाचा विचार होताना ते बैठकीबाहेर थांबले, तरी सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली.

‘डिस्पॅशनेट’ची गोष्ट वेगळी. मंत्र्यांच्या मराठी शपथेत ‘ममत्वभाव’ आणि ‘आकस’ हे शब्द येतात. त्या दोन्हींपासून सुटलेला विचार तो ‘डिस्पॅशनेट’. त्यासाठी ‘निर्विकार’ नको, त्याने दगडी चेहराच डोळ्यांपुढे येतो. ‘भावनेच्या आहारी न जाता’ हे नेमके बसते. ‘ऑब्जेक्टिव्ह’ला ‘वस्तुनिष्ठ’ आहेच.

राहिला ‘अनइंटरेस्टेड’, म्हणजे ज्याला रस नाही तो. इंग्रजी वर्तमानपत्रे ‘डिसइंटरेस्टेड’ही याच अर्थाने सर्रास वापरतात आणि ती खोड सतराव्या शतकापासूनची आहे. बातमीत संदर्भ पाहून अर्थ लावावा. प्रतिज्ञापत्रात मात्र शंका आली तर थेट वकिलांना विचारावे.

रोजच्या वापरातल्या शब्दावलीत ‘इम्पार्शल’, ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘डिस्पॅशनेट’ या तिन्हींपुढे एकच प्रतिशब्द दिसला, तर वाचकांनी ती नोंद, ज्या वाक्यात ती अडली त्या वाक्यासह, संपादकांकडे जरूर पाठवावी.