गोंगाट कमी करणारे हात कोणाचे?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. निधीचे आकडे सर्वांना सांगितले जातात. यंत्राच्या पोटात काय चालते, हेही आमच्या माणसांना कळले पाहिजे.

अमेरिकेतील लायगोत चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांमध्ये ४० किलोचे आरसे टांगलेले आहेत. दूरवर कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की या आरशांमधील अंतर प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतके बदलते. ते लेसरने मोजायचे. पण प्रकाश कणाकणाने येतो आणि कण कमी-जास्त आले की मोजणी थरथरते. लेसर वाढवावा, तर तेच कण आरशाला धक्के देतात. इकडे आड, तिकडे विहीर! यालाच क्वांटम गोंगाट म्हणतात.

निसर्गाचा हा नियम मोडता येत नाही. मात्र १९८१ मध्ये कार्लटन केव्ह्ज यांनी दाखवले की, अनिश्चितता नष्ट होत नसली तरी मोजणीला जिथे तिचा त्रास नाही, तिकडे ती ढकलता येते. अशा प्रकाशाला ‘स्क्वीझ्ड लाईट’ म्हणतात. २०१९ पासून लायगोच्या निरीक्षणांत तो वापरला गेला. त्याने जलद कंपनांतील गोंगाट घटला. पण संथ कंपनांत आरशांवरचे धक्के वाढले. मग ३०० मीटर लांबीची, दोन आरशांमधली आणखी एक पोकळी जोडली. २०२३ पासून ती प्रत्येक कंपनाला सोयीचा प्रकाश पुरवते. कल्पनेपासून इथवर यायला ४२ वर्षे लागली. यात चमत्कार कुठेच नाही. आहे ती चिकित्सा, चिकाटी आणि प्रशिक्षित हात.

हे हात कोणाचे असणार, हाच आमचा प्रश्न आहे. हिंगोलीच्या वेधशाळेलाही याच गोंगाटाशी झुंजायचे आहे. तिच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली म्हणजे मराठवाड्याच्या पदरात विज्ञान पडले, असे आम्ही मानणार नाही. शेतमजुराच्या मुलीने त्या आरशांसमोर उभे राहून मोजणी करावी. त्यासाठी जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत चालती प्रयोगशाळा, भौतिकशास्त्राचा शिक्षक आणि वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती हवी. वेधशाळा उभी राहीपर्यंत आज आठवीत असलेली मुले पदवीपर्यंत पोहोचलेली असतील. शासनाने तयारी आजच सुरू करावी. आणि शासन झोपले असेल, तर पालकांनी त्याला जागे करावे!