दिसत नाही, पण दुखते

थंडी पडू लागली की हातपाय, कंबर दुखते म्हणून तरुण मुले आमच्या वॉर्डात भरती होऊ लागतात. परवा अशीच एक मुलगी आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, खेड्यातून रोज एसटीने ये-जा करणारी, सिकलसेलची रुग्ण. वर्षभरातले हे तिसरे मोठे दुखणे. सलाईन आणि औषधांनी वेदना ओसरल्यावर मी विचारले, ‘‘पाणी किती पितेस?’’ ती आईकडे बघत म्हणाली, ‘‘घरी पिते, सर. कॉलेजात नाही पीत. तिथल्या बाथरूमला कुलूप असते. चावी मागायला ऑफिसात जावे लागते.’’

त्या कुलपाचा आणि तिच्या दुखण्याचा संबंध आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातले पाणी कमी झाले, थंडी वाजली, ताप आला की हे लवकर घडते. त्यातच या रुग्णांच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवणे जमत नाही, त्यामुळे लघवी जास्त होते. म्हणून त्यांना इतरांपेक्षा जास्त पाणी लागते आणि स्वच्छतागृहही जास्त वेळा लागते. काहींच्या खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो. मग तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग गाठणेही कठीण होते.

अपंगत्व म्हटले की आपल्याला कुबडी, व्हीलचेअर, पांढरी काठी आठवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार आणि अध्ययन अक्षमता हेही त्यात येतात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तरीही दारात रॅम्प बांधला की आपले काम झाले, असे अनेक महाविद्यालयांना वाटते.

ज्यांची टक्केवारी ४० च्या आत येते त्यांचे काय? लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले की, लेखनिकाची सोय फक्त ४० टक्क्यांवरच्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. म्हणजे सोय ठरवताना टक्क्यांच्या आधी गरज पाहायला हवी.

या मुलांची गरज फार खर्चाची नाही. वर्गात पाण्याची बाटली, न विचारता बाहेर जाण्याची मुभा, उघडे आणि स्वच्छ स्वच्छतागृह, शक्यतो तळमजल्यावरचा वर्ग. दवाखान्यात काढलेले दिवस हजेरीत धरले जावेत, कारण हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेचा अर्ज अडतो.

पालकांनाही सांगायचे आहे. मुलीच्या लग्नाचे कसे होईल, या धास्तीने आजार लपवू नका. वर्गशिक्षकांना माहीत असेल तरच ते वेळीच मदत करतील. ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठा, तास संपायची वाट पाहू नका.

आम्हा डॉक्टरांचेही चुकते. डिस्चार्ज कार्डावर ‘विश्रांती, भरपूर पाणी’ लिहून आम्ही मोकळे होतो. ते पाणी ती कुठे आणि कशी पिणार, हे विचारत नाही. या वेळी मी प्राचार्यांच्या नावे चिठ्ठी दिली. चार दिवसांनी आई तपासणीला घेऊन आली तेव्हा कळले, मुलीला बाथरूमची एक चावी मिळाली आहे. बरे वाटले. पण तिच्या वर्गात आणखी किती जणी पाणी न पिता बसतात, कोणास ठाऊक. ते कुलूपच निघाले पाहिजे.