स्क्रीनवरची ओळ किती लांब असावी?



तुमच्या शाळेत किंवा घरी एखादा जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात द्यायच्या आधी हे वाचा. आणि आपलं मूल पुस्तकातलं नीट वाचतं, पण स्क्रीनवर अडखळतं, असं तुम्हाला वाटत असेल तर नक्कीच वाचा.

इथे नसरापूरला माझ्या वर्गात असाच एक जुना संगणक आहे. मॉनिटर डब्यासारखा, मेमरी कमी. त्यावर लिनक्स टाकलं आणि मुलांना लिहायला ‘विम’ हा साधा टेक्स्ट एडिटर दिला. तो टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालतो, म्हणून जुन्या मशीनलाही झेपतो. मुलांनी बनेश्वरच्या सहलीवर निबंध टाइप केले. सहावीतली एक मुलगी स्वतःचाच निबंध वाचायला उभी राहिली. एक ओळ तिने दोनदा वाचली, पुढची एक गाळली आणि मग गप्पच झाली. मी मनातल्या मनात नोंद करून टाकली : वाचन कच्चे.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी भाषेच्या पुस्तकातला धडा घडाघडा वाचत होती. मग कच्चं नेमकं काय होतं?

त्या दिवशी मी मुलीऐवजी स्क्रीन तपासली. स्क्रीनची रुंदी 1024 ठिपके. टर्मिनलमधला एका चिन्हाचा रकाना 8 ठिपक्यांचा. 1024 भागिले 8 म्हणजे 128. एका ओळीत तब्बल 128 रकाने! एवढ्या लांब ओळीच्या शेवटी पोचलेली नजर परत डावीकडे येते तेव्हा नेमकी पुढची ओळ सापडत नाही. त्यात आपल्या देवनागरीला शिरोरेखा. टर्मिनलमध्ये ओळी एकमेकींना चिकटून असतात, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात आणि सगळ्या ओळी सारख्याच दिसू लागतात. त्या मुलीचं वाचन नव्हे, माझी ओळ चुकली होती.

हे आकडे आले कुठून?

जुन्या टर्मिनलची नेहमीची रुंदी 80 रकाने. हा आकडा आयबीएमच्या 1928 सालच्या छिद्रं पाडायच्या कार्डावरून चालत आला. त्या कार्डावर 80 उभे रकाने होते. पुढे 1978 मध्ये व्हीटी 100 हे प्रसिद्ध टर्मिनल आलं, त्यावरही 80 रकाने आणि 24 ओळी. त्यात 132 रकान्यांची सोय होती, पण साध्या मॉडेलवर ती वापरली तर ओळी 24 वरून 14 वर यायच्या. विमचा पूर्वज ‘व्हीआय’ बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास ज्या टर्मिनलवर लिहिला, तेही 80 रकान्यांचंच.

म्हणजे हे आकडे कार्डाने आणि यंत्राने ठरवले. मराठी वाचणारं मूल कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. त्यात कोणाचा दोष नाही. पण आपण ते देववाणीसारखे का पाळायचे? आपल्या पुण्यातल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्ड काढून इंग्रजीसाठी बनवलेल्या संगणकावर देवनागरी आणलीच ना! यंत्र आपल्यासाठी बदलता येतं, हे त्यांनी दाखवून दिलंय.

मग करायचं काय?

1. आधी अक्षर मोठं करा. बहुतेक टर्मिनलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि अधिक चिन्ह एकत्र दाबलं की होतं. अक्षर दुप्पट केलं, तर वरच्या हिशेबाने 128 चे 64 रकाने होतात. अर्धं काम इथेच झालं.

2. तरी ओळ लांब वाटली, तर खिडकीची कड माऊसने आत ओढा. मी 50 ते 60 रकाने ठेवतो.

3. विममध्ये शब्द मधेच तुटतो. आमच्याकडे ‘शिवगंगा’ नदीचा ‘शिव’ वर राहिला आणि ‘गंगा’ खाली आली. त्यासाठी एस्केप दाबा, कोलन द्या आणि इंग्रजी अक्षरांत ‘सेट लाइनब्रेक’ टाइप करून एंटर मारा. मग ओळ शब्दाच्या शेवटीच वळते.

4. ‘टेक्स्टविड्थ’ नावाची सेटिंग मात्र जपून वापरा. ती नुसती दाखवण्यापुरती ओळ वळवत नाही, फाइलमध्ये खरोखर एंटर घालते. मग तोच निबंध दुसरीकडे नेला की ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात आणि मुलं रडकुंडीला येतात.

आणखी एक. 60 रकाने म्हणजे 60 अक्षरं असं समजू नका. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती सहा चिन्हं आहेत. जोडाक्षरं दाखवण्यात सगळी टर्मिनल सारखी नसतात, म्हणून आधी ‘स्त्री’, ‘प्रार्थना’ असे शब्द टाइप करून बघा. आकड्यापेक्षा मुलाच्या नजरेवर विश्वास ठेवा.

‘सवय झाली पाहिजे’ म्हणणाऱ्यांसाठी

एक सहकारी म्हणाले, “सर, एवढे लाड कशाला? पुढे मोठ्या स्क्रीनवरच काम करायचंय त्यांना.” मला हे पटत नाही. पहिलीच्या पुस्तकात मोठी अक्षरं आणि छोट्या ओळी असतात, त्याला आपण लाड म्हणतो का? रोजचा पेपर एवढा रुंद, पण तोही बातम्या उभ्या स्तंभांतच छापतो. मोठ्यांनासुद्धा पानभर लांब ओळ वाचवत नाही. आणि प्रोग्रामिंगचं म्हणाल, तर पायथॉन भाषेच्या लेखनसंकेतात आजही एका ओळीला 79 चिन्हांची मर्यादा सांगितली आहे. जाणकारसुद्धा ओळ आखूडच ठेवतात.

“मोबाइलवर तर मुलं भराभर वाचतात,” असं पालक सांगतात. खरं आहे. मोबाइलची ओळ आखूड असते, हे त्यामागचं एक कारण असणार!

पुढच्या आठवड्यात त्या मुलीला मी रुंदी कशी बदलायची ते दाखवलं आणि बाजूला झालो. तिने ओढून ओढून खिडकी स्वतःला हवी तेवढी केली आणि निबंध वाचला. दोन शब्दांना अडखळली, पण ओळ एकदाही चुकली नाही. एका मुलीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मलाही कळतं. पण एका स्क्रीनवरून मुलीला कच्ची ठरवणं तरी कुठे बरोबर होतं?

म्हणून एवढंच सांगणं आहे. मुलाच्या नावापुढे शेरा लिहिण्याआधी त्याच्या समोरची ओळ मोजा. आणि ती बदलायची कशी, हे स्वतः करून न देता त्यालाच शिकवा. समोरचं यंत्र आपल्या सोयीने बदलता येतं, हे ज्या मुलाला कळलं, त्याचा संगणकाचा पहिला धडा झाला.