रक्ताच्या तपासणीलाही शिस्त हवी

ब्रेक पॉवर सर्टिफिकेट हाती आल्याशिवाय गाडी सुटत नाही. वजनकाटा खरा असल्याशिवाय पार्सलाचे शुल्क ठरत नाही. ही शिस्त आमच्या अंगवळणी पडली आहे. मग आमचेच रक्त तपासताना ती का सुटावी?

रुळांवर, यार्डात, टपालाच्या बीटवर राबणाऱ्यांना हिवताप नवा नाही. व्हायव्हॅक्स हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. परंतु ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटतात. लघवी काळपट होते, कावीळ होते, प्रसंगी जिवावर बेतते. हे कारण १९५६ साली उघड झाले. हा दोष परका नाही. पारशी समाजात व काही आदिवासी जमातींत तो अधिक आढळतो. त्याच्या एका प्रकाराचे तर नावच ‘केरळ-कल्याण’ आहे.

चाचणी आहे, पण ती नाजूक आहे. नमुना उन्हात तापला तर एन्झाइम मंदावते आणि निरोगी माणूस सदोष ठरतो. उलट, पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर नव्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असते, म्हणून दोष असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. नुकतेच रक्त चढवले असल्यासही हीच फसगत होते. स्त्रियांमधील अर्धवट कमतरता तर साध्या चकाकीच्या चाचणीत निसटते. तेथे प्रमाण मोजणारी चाचणीच हवी.

चूक झाली की कंत्राटी तंत्रज्ञाकडे बोट दाखवले जाते. पण शीतपेटी, मुदतीतील रसायने आणि पुरेसे मनुष्यबळ देणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आमची मागणी अशी: रेल्वे रुग्णालयांनी आणि सीजीएचएसच्या यादीवरील प्रयोगशाळांनी प्रत्येक खेपेस एक निर्दोष व एक सदोष असा माहितीतला नमुना सोबत तपासावा. बाहेरून आलेले अनोळखी नमुने तपासून आपले निकाल वेळोवेळी ताडून पाहावेत. अहवालावर चाचणीची पद्धत व संदर्भमूल्य छापावे. आणि या दोषाचा आधार घेऊन कोणाच्याही नोकरीवर गदा आणू नये.

बंधू-भगिनींनो, अहवाल हाती घेताना एकच प्रश्न विचारा: कंट्रोल लावला होता का? उत्तर लेखी मागा. तो आपला हक्क आहे.