तोंडाचा कॅन्सर: पुढे काय होणार, हे जनुकांची चाचणी सांगू शकते का?

तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'पेशंट बरा होईल ना?' वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्याचं कुटुंब उपचारांसाठी अकोला, नागपूर किंवा मुंबई गाठतं, तेव्हा त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडू शकते: गाठीच्या जनुकांची महागडी चाचणी करावी का?

म्युटेशन म्हणजे काय?

पेशीने कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, हे जनुकं ठरवतात. तंबाखू आणि सुपारीतल्या घटकांमुळे या जनुकांमध्ये बिघाड होतो. त्यालाच म्युटेशन म्हणतात. खर्रा किंवा गुटखा वर्षानुवर्षं गालात धरला की असे बिघाड साचत जातात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे बदल बहुतेक वेळा फक्त गाठीत असतात. ते आईवडिलांकडून मुलांकडे जात नाहीत.

भारतीय रुग्णांमध्ये काय आढळलं?

गाल आणि हिरड्यांच्या कॅन्सरचा जनुकीय अभ्यास भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि टाटा मेमोरियल सेंटरचं नवी मुंबईतलं 'अ‍ॅक्ट्रेक' हे संशोधन केंद्र त्यात होतं. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, नॉच१ अशा जनुकांमध्ये वारंवार बिघाड दिसला. यूएसपी९एक्स, एआरआयडी२ यांसारखी काही नवी नावंही समोर आली.

त्यावरून पुढचं कळतं का?

काही प्रमाणात. टीपी५३ हे बिघडलेल्या पेशीला रोखणारं जनुक आहे. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या ४२० रुग्णांच्या २००७ मधल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गाठींमध्ये ते बदललेलं होतं. ज्यांच्यात त्याचं काम पूर्ण बिघडवणारा बदल होता, ते रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तुलनेने कमी काळ जगले.

पण ही झाली गटाची सरासरी. त्या गटातले अनेक जण बरेही होतात. शिवाय टीपी५३ बिघडलेलं आहे हे कळलं, तरी त्यासाठी नेहमीच्या वापरातलं वेगळं औषध आज नाही. म्हणजे रिपोर्ट हातात आला तरी सहसा उपचार तेच राहतात.

मग डॉक्टर कशावरून ठरवतात?

गाठीचा आकार, ती किती खोल गेली आहे आणि मानेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोहोचला आहे का, यावरून. कॅन्सरची स्टेज ठरवण्याच्या सध्याच्या पद्धतीत खोलीला महत्त्व आहे, टीपी५३ ला नाही. ही माहिती तपासणी, स्कॅन, बायोप्सी आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमधून मिळते.

या माहितीवरून उपचार बदलतात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये तोंडाच्या शस्त्रक्रियेसोबतच मानेतल्या गाठी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. थांबून, गरज पडल्यावरच त्या काढल्या तेव्हा हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०१५ मध्ये हे दाखवून दिलं.

वाशिमसाठी याचा अर्थ काय?

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं दिसलं.

अशा ठिकाणी सर्वात जास्त फरक पडतो तो लवकर निदानाने. केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी फक्त डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी बॅटरी आणि प्रशिक्षित माणूस लागतो, जनुकांची प्रयोगशाळा नाही.

वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. गावपातळीवरच्या अशा तपासणीला त्याची जोड मिळू शकते.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. जनुकांची चाचणी कुणी सुचवलीच, तर पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारावा: 'या रिपोर्टमुळे उपचारात नेमकं काय बदलणार?'